आधी कोपराला विचारा

दादांनी आयुष्यात कधी कोरा सदरा अंगात घातला नाही. नवा सदरा शिवून आला की तो आधी गावातल्या कुणाला तरी महिनाभर वापरायला देत. अट एकच: रोज घालायचा, रोज साध्या पाण्यात धुवायचा आणि महिना भरला की परत आणून द्यायचा. मुरबाडच्या बाजारात एखादा गडी कोऱ्या करकरीत सदऱ्यात मिरवताना दिसला की लोक विचारायचे, "काय रे, दादांचा सदरा मऊ करतोस काय?" एका पठ्ठ्याने तर त्या महिन्यात स्वतःचं लग्न उरकून घेतलं. सदरा परत आला तो हळदीच्या डागांसकट, आणि दादांनी तो पुढे चार वर्षं हौसेने वापरला. "हळदीचा सदरा हाय माझा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

दादा म्हणजे आमचे घरमालक. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधी दोन-तीन वर्षं मला मुरबाडच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि मी व माझी आई त्यांच्या घराच्या मागल्या दोन खोल्यांत राहायला आलो. वडील नव्हते, भाऊ नव्हता. जंगलखात्यात तीस वर्षं गार्डाची नोकरी करून दादा नुकतेच घरी बसले होते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मी तेव्हा वीस वर्षांची, त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला ते 'बाई' म्हणत आणि अहोजाहो करत. "शाळेची बाई हाय, तिला अगंतुगं कसं करायचं?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी आईला बजावून सांगितलं. आई मात्र त्यांच्यासमोर मला मुद्दाम 'कार्टे' म्हणायची.

दिसायला माणूस भयंकर होता. सहा फूट उंची, दार अडवणारे खांदे आणि मिशा अशा, की लाकूडचोर नुसत्या मिशा बघून गाडी सोडून पळत. आणि एवढ्या धिप्पाड माणसाची कातडी मात्र तान्ह्या पोराची! लोकरीची घोंगडी अंगाला लागली की पुरळ, साबण लागला की पुरळ, वासाचं तेल लागलं तर दोन दिवस डोळे सुजलेले. नुसता उन्हाळ्याचा वारा लागला तरी गालांची आग व्हायची.

हे जन्मापासूनचं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माळशेजच्या पायथ्याच्या जंगलात दुपारची भाकरी खायला ते एका ताज्या ओंडक्यावर बसले, आणि तो ओंडका निघाला बिब्ब्याचा. बिब्ब्याचा चीक काय करतो हे त्या मुलखात पोराटोरांना ठाऊक असतं. अंगाला लागला की आधी खाज, मग सूज, मग फोड. त्याला तिकडे 'बिब्बा उतला' म्हणतात. दादांना तो कुठे उतला हे वेगळं सांगायला नको. पंधरा दिवस ते उभ्याने जेवले आणि खात्याच्या रिपोर्टात 'पायाला दुखापत' असं लिहिलं गेलं. कल्याणच्या वैद्याने त्यांना बजावलं होतं, की पुन्हा बिब्ब्याच्या वाटेला गेलात तर पुढच्या वेळी पंधरा दिवसांवर भागणार नाही.

"तवापासनं कातडी रुसली," दादा सांगायचे. त्यांचा शब्द हाच, रुसली. "रागावलेल्या माणसाला काय पायजे ते इचारता येतं. रुसलेलं माणूस सांगत नाय. आपणच वळखायचं आन् गप ऱ्हायचं."

हे ओळखण्याचं काम त्यांनी तीस वर्षं मन लावून केलं होतं. दर रविवारी सकाळी ते ओटीवर तांब्याची परात घेऊन बसत. परातीत गाईचं तूप, शेजारी विहिरीच्या गार पाण्याची घागर आणि दोन वाट्या. एका वाटीत मोजून शंभर चिंचोके. तुपावर पाणी घालायचं, गडव्याच्या बुडाने ते गोल गोल घोटायचं, पाणी ओतून द्यायचं आणि एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. पुन्हा पाणी, पुन्हा घोटणं. तिसाव्या पाण्याच्या सुमारास तुपाचा पिवळेपणा जायचा, साठाव्याला वास जायचा आणि शेवटी परातीत पांढराशुभ्र, हलका, हाताला गार लागणारा गोळा उरायचा. मी नवीनच शिकून आलेली, त्यामुळे याला वैद्यकात शतधौत घृत म्हणतात असं मी त्यांना जरा ठसक्यात ऐकवलं. दादा म्हणाले, "आसंल. आमी धुतलं तूप म्हणतो."

"पण शंभरच का? नव्व्याण्णव पाण्यांनी काय बिघडेल?"

"नव्व्याण्णवला तूप आसतंय, बाई. शंभरला मलम होतंय."

यावर वाद घालणं शक्य नव्हतं. त्यात कापूर घाला, चंदन घाला, निदान वाळ्याचं पाणी तरी घाला असा सल्ला गावातले शहाणे त्यांना नेहमी द्यायचे. दादा कोणाचंही ऐकत नसत. त्यांचं म्हणणं असं, की तुपातून जे जे काढता येईल ते काढायला ते शंभर वेळा झटतात, आणि ही मंडळी त्यात पुन्हा भर घालायला निघालीत. वास येणाऱ्या कुठल्याही लेपावर त्यांचा विश्वास नव्हता.

लावण्याचेही नियम होते. आंघोळ झाली की अंग खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. कातडी ओली असतानाच तूप लावायचं, तेही बोराएवढं. "लिपाण करायचं नाय, भिंत नाय ती." आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुठलीही नवी गोष्ट गालाला लावण्याआधी कोपराला लावायची. कोपराच्या आतल्या घडीत संध्याकाळी लावायची आणि दोन दिवस थांबायचं. तिथे काही झालं नाही तर कानामागे. तिथेही काही झालं नाही तर तिसऱ्या खेपेला गालाला. "आधी कोपराला इचारा," हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. बाजारात कुणी नवा बैल घेतला तरी दादा हेच म्हणायचे, आणि बैलाचं कोपर कुठे असतं यावर मग पारावर चर्चा चालायची.

पण हट्टी असले तरी आडमुठे नव्हते. एकदा डोंगरातल्या पाड्यावरची एक म्हातारी मोहट्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल विकायला आली. दादांची परात बघून ती कपाळाला हात लावून हसत सुटली.

"तूप अंगाला? आमच्या पोरांना जेवायला नाय भेटत रे बाबा!"

"मंग थंडीत तुमी काय लावतां?"

"हेच तेल. मोहाचं. पोराला लावतंय, म्हाताऱ्याला लावतंय, फुटल्या टाचंला लावतंय."

दादांनी चमचाभर तेल घेतलं, तिच्यासमोर बाही वर करून कोपराला लावलं आणि तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं. म्हातारी आली तेव्हा दादांनी कोपर दाखवलं, पाटलाने फेटा उतरवावा तशी मान लववली आणि म्हणाले, "तुझं तेल पास." त्या दिवसापासून त्यांच्या फडताळात तुपाशेजारी मोहाच्या तेलाचं मडकं आलं, आणि ज्यांना तूप परवडत नाही त्यांना दादा ते देऊ लागले.

पास हा त्यांचा नोकरीतला शब्द. जंगलातून लाकडाची गाडी निघाली की तिचा पास बघायचा, ओंडक्यावरची हातोडीची खूण बघायची, आणि ती खूण कुठल्या जंगलाची, कुठल्या ठेकेदाराची हे सांगायचं, यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे मी जेव्हा कल्याणहून पहिल्या पगारात चेहऱ्याला लावायच्या स्नोची बाटली आणली, तेव्हा दादांनी ती गाडी अडवावी तशी अडवली.

"हिच्यात काय काय भरलंय? पास कुटाय?"

मी म्हटलं, "दादा, मुंबईत सगळ्या बायका हा लावतात."

त्यांनी झाकण उघडलं, लांबूनच हुंगलं आणि सटासट तीन शिंका दिल्या. "कोपराला इचारलंत?"

मी कसली कोपराला विचारते! वीस वर्षांची मुलगी, पहिली नोकरी, पहिला पगार. मी त्याच दिवशी स्नो फासून शाळेत गेले. मिजास काही स्नोवरच थांबली नव्हती. मुंबईच्या बायका कपडे परिटाकडे देतात, तर मुरबाडच्या बाईने का देऊ नयेत? तोवर जन्मभर माझे कपडे आई घरी धूत आली होती. आता ते परिटाकडून खळ घालून, इस्त्री होऊन येऊ लागले. आरशात बघताना मला वाटायचं, शाळा आपल्यामुळेच शोभते.

ही शोभा दिवाळीपर्यंत टिकली. दिवाळीनंतर थंडी पडली आणि माझ्या मानेवर मागच्या बाजूला खाजेचा चट्टा उठला. मग गालावर दुसरा. मी त्यावर स्नो लावला, तर गालाची आग आग झाली. मी आणखी लावला. आठ दिवसांत माझा चेहरा लाल, सुजलेला आणि ठिकठिकाणी सोललेला झाला. तेव्हा मात्र मी निमूटपणे बाटली आणून दादांच्या हातात दिली. त्यांनी ती मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरून फडताळावर सगळ्यात वर ठेवली आणि मला तूप दिलं. गाल जरा निवले, पण चट्टे हटेनात. चार दिवस बरे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दादा चक्रावून गेले. "तूप हार खातंय," असं ते पहिल्यांदाच म्हणाले.

तोवर गावात शब्द फिरला होता: रगतपिती. बाईला रगतपिती झालीय. महारोगाचं ते गावठी नाव कुणी माझ्यासमोर उच्चारलं नाही, पण वर्गातल्या बावीस मुलींच्या पंधरा झाल्या, पंधराच्या सात झाल्या. मग शाळा कमिटीचा निरोप आला. रविवारी चार वाजता अध्यक्ष येऊन बाईंना बघतील, आणि रोग आहे असं दिसलं तर सोमवारपासून बाईंनी शाळेत येऊ नये.

नोकरी गेली असती तर आम्ही दोघी खाणार काय, हा प्रश्न होताच. त्याहून वाईट म्हणजे रगतपिती हे नाव एकदा चिकटलं की दुसऱ्या कुठल्या गावात नोकरीच काय, राहायला खोलीही मिळाली नसती. गुरुवारी संध्याकाळी मी मागल्या पायरीवर बसून पोटभर रडले. दादा विहिरीवर पाणी काढत होते. घागर खाली ठेवून म्हणाले,

"बाई, पदराचं तेच टोक कशापायी घेतां?"

"कुठलं टोक?"

"मगापासनं बगतोय. डोळं पुसतां तं त्याच टोकानं, गाल पुसतां तं त्याच टोकानं."

मला संताप आला. "आता रडतानासुद्धा नियम पाळायचे का दादा?"

पण ते जवळ आले, पदराचं टोक दोन बोटांत धरून उजेडात नेलं. टोकाला एक आडवी रेघ आणि तिच्याखाली दोन ठिपके, काळ्याभोर शाईचे. परिटाची खूण. कुणाचे कपडे कुणाच्या घरी जायचे हे कळावं म्हणून प्रत्येक घराची वेगळी. रेघ आणि दोन ठिपके म्हणजे आमचं घर.

"पोलक्यालाबी हाय ही?"

"आहे. मागे, गळ्यापाशी आतून."

"मानंवर चट्टा तिथंच," दादा म्हणाले. त्यांनी पदर सोडून दिला आणि हात धोतराला पुसले. "ही शाई नाय बाई. बिब्बा हाय. आधी हा परीट दोऱ्यानं खूण घालायचा. त्याचा पोरगा आवंदा कल्याणला जाऊन नवं शिकून आलाय. बिब्ब्याची खूण धुऊन जात नाय ना."

मला हसावं की रडावं कळेना. पण मग लक्षात आलं, की याने काही सुटणार नाही. सगळं गाव त्याच परिटाकडे कपडे देत होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं. कमिटीला वाटलं असतं, बाई आपला रोग परिटाच्या माथी मारतेय.

"नायच मानणार," दादाही म्हणाले. "सगळ्यांला नाय उतत तो. नाजूक कातडीला उततो. पंचनामा लागंल." एवढं बोलून त्यांनी माझं एक जुनं पोलकं मागून घेतलं, परिटाचे बाकीचे सगळे कपडे बांधून ठेवायला सांगितले आणि ते आत निघून गेले.

रविवारी सकाळी तूप घोटायला बसले तेव्हा दादांनी चिंचोके टाकायचं काम मला दिलं. डावा हात अवघडलाय म्हणाले. शंभर पाणी झाली, गोळा वाटीत काढून त्यांनी फडताळात ठेवला आणि दुपारी ते परिटाला आणायला म्हणून बाहेर पडले.

चारच्या ठोक्याला अध्यक्ष आले. ते भाताच्या गिरणीचे मालक. काळा कोट, त्याखाली परीटघडीचा सदरा, आणि बरोबर कमिटीचे एक सभासद. दोघेही माझ्यापासून चार हात लांब ओटीवर बसले. आईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण पाहुण्यांना कोरडं पाठवायचं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने गरम थालीपीठं लावली. घरात लोणी नव्हतं. मग तिला दादांच्या फडताळात वाटीभर पांढरंशुभ्र लोणी दिसलं. रविवारी ती नेहमी स्वयंपाकात असायची आणि तुपाचं शेवटी काय होतं हे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. तिने दोन मोठे गोळे दोघांच्या ताटात घातले.

अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "लोणी भारी हाय हो. तोंडात टाकलं की इरघळतंय. जरा मीठ पायजे होतं."

मी ताटाकडे पाहिलं आणि सकाळी मोजलेले शंभर चिंचोके मला आठवले. तेवढ्यात परिटाला घेऊन दादा दारात उभे राहिले. त्यांनी आधी ताट पाहिलं, मग रिकामी वाटी पाहिली.

"हे माझं सकाळचं शंभर पाण्यांचं तूप."

सभासद ताडकन उठले. "अरे देवा! शंभर वेळा धुतलं की तुपाचं इख होतंय! माझी आजी सांगायची!"

अध्यक्षांच्या हातातला घास खाली पडला. "माझी जीभ जड झाली," ते म्हणाले. "कल्याणला माणूस धाडा." आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. सकाळपर्यंत माझ्यावर रोग पसरवल्याचा आरोप होता, आता अध्यक्षांना विष घातल्याचाही आला.

दादा शांतपणे पुढे झाले. अध्यक्षांच्या ताटातलं उरलेलं तूप त्यांनी बोटांनी निपटून घेतलं, थालीपीठाच्या तुकड्याबरोबर तोंडात टाकलं आणि चवीने चघळलं.

"मीठ नाय हे खरं," ते म्हणाले. "आता तुमाला काय व्हायचं तं मलाबी होऊं दे. बसा गप. इख बगायचंय तुमाला? ते पोटात नाय, कपड्यात हाय."

आणि त्यांनी सदऱ्याची डावी बाही वर केली.

कोपराच्या आतल्या घडीत तळहाताएवढी सूज होती. लालभडक, फोडांनी भरलेली. आणि मधोमध, छापल्यासारखी स्पष्ट, एक आडवी रेघ आणि तिच्याखाली दोन ठिपके.

"बाईंच्या पोलक्याची खुणेची चिंधी गुरुवारी रातच्याला बांदली. शुक्करवारी खाज, शनवारी फोड, आज हे. मला काय बाईंची रगतपिती लागली नाय. मला त्यांच्या परिटाची खूण लागली."

मी त्या हाताकडे बघतच राहिले. जो माणूस कोरा सदरा घालायला घाबरत होता, ज्याला वैद्याने बिब्ब्याच्या वाटेला जाऊ नका म्हणून बजावलं होतं, त्याने तीन दिवस तो बिब्बा स्वतःच्या हाताने कोपराला बांधून ठेवला होता. माझ्यासाठी आजवर कोणी असं काही केलं नव्हतं, आणि पुढेही केलं नाही.

"आन् अध्यक्ष," दादा म्हणाले, "आल्यापासनं तुमी मान कशापायी खाजवतांय?"

अध्यक्षांचा हात मानेवरच होता. तो त्यांनी झटकन खाली घेतला. दादांनी त्यांची कॉलर उलटून दाखवली. आत परिटाचे तीन ठिपके, आणि बरोबर त्याखाली मानेवर लाल चट्टा. अध्यक्ष पांढरेफटक पडले. मला वाटलं, त्यांच्या डोक्यातही तोच शब्द आला असावा जो त्यांनी माझ्यासाठी वापरला होता.

दादांनी त्यांना फार वेळ तसं ठेवलं नाही. "घाबरू नका. रोग नाय हा. नाजूक कातडी हाय तुमची. गिरणीत बसलांत तरी कातडी राजघराण्यातली. सगळ्यांला नसते."

अध्यक्ष हळूहळू ताठ झाले. सभासदांकडे त्यांनी जरा कीव केल्यासारखं पाहिलं, कारण त्यांच्या मानेवर काहीच नव्हतं. मग घसा साफ करून म्हणाले, "बाईंनी उद्यापासून शाळेत यावं. माझी नात मी स्वतः आणून सोडतो." आणि जाता जाता दादांच्या कानाला लागून विचारलं, "ते तूप उरलंय का हो थोडं? मानंला?"

"तुमी खाल्लंत ना," दादा म्हणाले.

परीट इतका वेळ दाराशी हात पाठीमागे धरून उभा होता. सगळे गेल्यावर दादांनी त्याचे हात पुढे घ्यायला लावले. त्याच्या आणि त्याच्या पोराच्या बोटांचीही चाळण झाली होती. धंदा बसेल म्हणून दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दादांनी त्याला मोहाच्या तेलाचं मडकं दिलं आणि जुन्या दोऱ्याच्या खुणा पुन्हा सुरू करायला सांगितलं. माझी खूण तीच राहिली, रेघ आणि दोन ठिपके, पण लाल दोऱ्यात. महिन्याभरात माझा चेहरा निवळला आणि वर्गात चोवीस मुली झाल्या. स्नोची बाटली फडताळावर तशीच होती. तिचं झाकण पुन्हा कोणी उघडलं नाही.

दादा मात्र तीन आठवडे आजारी पडले. ताप चढला, दंडापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. त्या दिवसांत तूप मी घोटलं. एका रविवारी हात भरून आले म्हणून मी हळूच वीस चिंचोके एकदम पलीकडे टाकले. दादांनी अंथरुणातूनच बोटावर तूप घेतलं, चोळलं आणि म्हणाले, "ऐंशी." मी पुन्हा परात पुढे ओढली.

"दादा, तुम्हीच का? गावात दुसरं कोपर नव्हतं?" मी रागावून विचारलं.

"बाकीच्यांला काय झालंच नसतं, बाई. सगळी खोटी साक्ष पडली असती. आमच्या कातडीला खोटं बोलाया जमत नाय."

जखम भरली पण खूण गेली नाही. तांबूस-काळी रेघ आणि दोन ठिपके त्यांच्या कोपरात कायमचे राहिले.

लढाईच्या दिवसांत माझी बदली शहापूरला झाली. आई बरोबर होतीच. तुपाचे भाव ऐकून छाती दडपायची, तरी दादा दर दिवाळीला कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून धुरकटून यायचे आणि पंचाखालून लहानसा गडू काढून माझ्यापुढे ठेवायचे. पुढे त्यांना विसर पडायला लागला. मुरबाडहून कुणी आलं की सांगायचं, दादा चिंचोक्यांनी भरलेली वाटी पुन्हा रिकाम्या वाटीत ओततात आणि एकच तूप दिवसभर घोटतात. परवाच्या तुपाला पाचशे पाणी तरी झाली असतील. लोक हसत सांगायचे. मीही हसायचे आणि मग माझं दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही.

एका वर्षी दिवाळीचे पहिले दिवस गेले तरी ते आले नाहीत. भाऊबीजेला ते सकाळीच निघाल्याचं मुरबाडहून आलेल्या एकाने सांगितलं, पण संध्याकाळपर्यंत ते पोचले नाहीत, म्हणून मी दारात येरझारा घालत होते. दिवेलागणीला एक बैलगाडी आली. दादा मध्येच कुठेतरी उतरून भलत्याच रस्त्याला लागले होते आणि पार शेणव्याला जाऊन पोचले होते. तिथल्या एका भल्या माणसाने त्यांना गाडीत घालून आणलं होतं. दादा खाली उतरले, पंचाखालून गडू काढला आणि काही झालंच नाही असं माझ्याकडे बघून हसले.

मी भीतीने इतकी कावले होते की त्यांना दारातच झापलं. "एकटे निघालात कशाला? हरवला असतात म्हणजे? कुणाला कळणार होतं, कुठले, कुणाचे?"

दादांनी गडू माझ्या हातात दिला. सदऱ्याची डावी बाही हळूहळू वर गुंडाळली आणि कोपर माझ्यापुढे धरलं.

"हरवतोय कशाला गो?" ते म्हणाले. "खूण हाय ना. परीट बराबर तुझ्याच घरी आणून टाकंल."

मी त्यांची वळकटी उचलून आतल्या खोलीत नेली. दादा त्यानंतर मुरबाडला परत गेले नाहीत.